रोमचा नळ, व्हॅलेन्सियाचा गुरुवार

मामांचं म्हणणं सरळ आहे. "जन्मभर केळीला पाणी सोडलं, पानवेलीत वाकून पाठ मोडून घेतली. आता कुठे युरोपला निघायचं म्हणतोय, तर तू मला तिथेही वाडीच दाखवणार? बाय, याला सहल म्हणत नाहीत. मला शहर दाखव. रोम दाखव, लिस्बन दाखव, सेव्हिल दाखव. शेत मी बघितलंय."

माझं म्हणणं याच्या उलट. विरारला सोसायटीत राहायचं, रोज सकाळी चर्चगेट लोकलच्या दारात अंग चोरून उभं राहायचं आणि मे महिन्याची सुट्टी लागली की बार्सिलोनाच्या गर्दीत जाऊन पुन्हा तसंच उभं राहायचं, हे मला पटत नाही. मला गावाकडचा दक्षिण युरोप बघायचा आहे. पोर्तुगालमधल्या आलेन्तेजूचं माळरान, अंदालुसियातल्या ऑलिव्हच्या टेकड्या, तोस्कानातलं एखादं शेतघर. शेतकऱ्याने शेती चालू ठेवायची आणि घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, असा कायदा इटलीत १९८५ सालीच झाला. आपल्या वसईत तो झाला असता तर किती वाड्या आज वाड्याच राहिल्या असत्या, असं मला वाटत राहतं.

मामा गासला राहतात. वाडीत नारळ आहे, केळी आहे, सोनचाफा आहे. पानवेल होती, ती आता नाही. रोम आणि पोर्तुगालमधलं फातिमाचं तीर्थ त्यांनी धर्मग्रामातल्या मंडळींबरोबर बसमधून एकदा पाहिलेलं आहे. मला युरोप नवा आहे. या वर्षी दोन्ही घरांनी, मुलाबाळांसकट, मिळून जायचं ठरलं आणि मार्ग ठरवायला बसलो तिथेच गाडी अडली. पापडीपासून आगाशीपर्यंत अशा सहलींना जाणारी घरं आता पुष्कळ आहेत. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्तीचे पैसे, आखातातून परतलेला मुलगा, निमित्तं अनेक. म्हणून आमच्या घरातलं हे बोलणं इतरांच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

"ग्रुप टूरला तुम्ही लोक नावं ठेवता," मामांनी सुरुवात केली. "पण हा धंदा उभा कोणी केला? आपल्याच पालघरच्या माणसाने. मथाण्याचे केसरी पाटील. आधी शिक्षक होते. १९८४ साली त्यांनी कंपनी काढली. त्याआधी मराठी माणूस परदेशात जायचा तो शिकायला नाहीतर नोकरीला. नुसतं बघायला जायचं, बायकोला घेऊन जायचं, हे आपल्या लोकांना कोणी शिकवलं?"

हे मला मान्यच आहे. इंग्रजी न येणारी, विमानात पहिल्यांदा बसणारी माणसं कोणाच्या तरी भरवशावर युरोप बघून आली, ही मोठीच गोष्ट झाली. माझी तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. बसच्या चालकाला तिकडे दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त गाडी साधारणतः चालवता येत नाही, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावंच लागतं. कायदा चांगला आहे, पण त्यामुळे आठ दिवसांत चार देश बसवायचे तर उरलेले तास हिशेबाने कापावे लागतात. फ्लॉरेन्सला दोन तास, पिसाला मनोऱ्याशी फोटो, व्हेनिसला बोट. आणि या प्रत्येक ठिकाणी तुमच्याआधी हजारो माणसं येऊन उभी असतात. गर्दी इतकी झाली की एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्याकडून व्हेनिस २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी पाच युरो घेऊ लागलं. बार्सिलोनाने जाहीर केलंय की पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. तिथल्या रहिवाशांना राहायला घर मिळत नाही म्हणून.

"मग न जाणंच बरं ना?" मामा म्हणाले. "त्यांना आपण नको आहोत."

"शहराला नको आहोत. गावाला हवे आहोत. तेच मी म्हणतेय."

उन्हाळ्याचाही प्रश्न निघाला. मामींना वाटत होतं, वसईचा मे महिना सोडून तिकडच्या उन्हात कशाला मरायचं. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, जुलै २०२३ मध्ये अथेन्सचं अक्रोपोलिस दुपारी बंद ठेवावं लागलं होतं, हे त्यांनी बातम्यांत ऐकलेलं. पण हे सगळं जुलै-ऑगस्टचं. आपली उन्हाळी सुट्टी हा आपला खरा फायदा आहे, आणि फार थोडे लोक तो ओळखून घेतात. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात; तिकडच्या लोकांची मोठी सुट्टी ऑगस्टमध्ये. म्हणजे आपण मे अखेरीस निघालो तर त्यांचा वसंत संपत आलेला असतो, गहू पिवळा पडत असतो, चेरी बाजारात आलेली असते आणि लिस्बनच्या रस्त्यांवर जकरांडा फुललेला असतो. मामींचं समाधान झालं. एवढ्या एका मुद्द्यावर तिघांचं पटलं.

नंतर मी मामांना विचारलं, शहरात तुम्हाला नेमकं काय बघायचंय? मला वाटलं होतं, सेंट पीटर्सचा घुमट सांगतील. ते म्हणाले, "नळ."

रोमच्या रस्त्यांवर लोखंडी नळखांब आहेत. कमरेएवढे, काळपट, वरून गोल. लोक त्यांना नासोनी म्हणतात. १८७४ सालापासून बसवायला सुरुवात झाली आणि आज शहरभर सुमारे अडीच हजार आहेत. त्यातून पिण्याचं थंड पाणी वाहत असतं. मामांनी मला ओट्यावर बसल्या जागी करून दाखवलं: वाकलेल्या तोटीच्या तोंडावर बोट दाबायचं, म्हणजे तोटीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, त्यातून पाण्याची कमान वर उसळते. तोंड पुढे करायचं आणि प्यायचं. भांडं नको, पेला नको. "एक म्हातारी आली, माझ्याहून मोठी. बाजाराची पिशवी खाली ठेवली, बोट लावलं, प्यायली, निघून गेली. तिने इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. पैसे नाहीत, रांग नाही, कोणाला विचारायचं नाही. मी त्या दिवशी फोरम बघितला, कोलोसियम बघितलं. पण घरी आल्यावर आठवत राहिली ती म्हातारी."

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. आमच्या सोसायटीत उन्हाळा आला की टँकरचा हिशेब वेगळा लिहावा लागतो. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, २०११ च्या जनगणनेत इथे बारा लाखांवर माणसं होती, त्यानंतर किती इमारती उठल्या ते लोकलच्या खिडकीतून दिसतंच. सूर्या धरणाचं पाणी येतं, उसगाव आणि पेल्हारचं येतं, तरी टँकर थांबलेला नाही.

"ट्रेव्हीचं कारंजं तुझ्या मुलांना दाखव," मामा पुढे म्हणाले. "सगळे पाठ करून नाणं टाकतात. पण पाणी कुठून येतं ते विचारत नाहीत. ख्रिस्तजन्माच्या १९ वर्षं आधी अग्रिपा नावाच्या रोमन सेनापतीने गावाबाहेरच्या झऱ्यांवरून कालवा आणला, बहुतेक सगळा जमिनीखालून. मधे पडझड झाली, पोपांनी दुरुस्त केला, पण वाट तीच. दोन हजार वर्षं झाली. याला शहर म्हणतात, बाय. जिथे पाणी लोकांचं असतं ते शहर. मला शहर आवडतं ते यासाठी. दुकानं बघायला मी जात नाही."

वाडीवाल्या माणसाने शहराची बाजू अशी मांडावी, हे मला फार मोलाचं वाटलं. पण पाण्याचंच म्हणाल तर माझी बाजूही तिथेच उभी होती.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात बावखलं होती, काही अजून आहेत. रेताड जमिनीत खणलेली गोड्या पाण्याची तळी, काठाला नारळ. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. समुद्र इतका जवळ असून विहिरीचं पाणी खारं होत नव्हतं ते याच व्यवस्थेमुळे. विहिरीवर रहाट, रहाटाला मडक्यांची माळ, बैल फिरायचा, पन्हळीतून पाणी पाटात पडायचं आणि पाटापाटाने केळीच्या आळ्यात जायचं. मामांनी हे हाताने केलेलं आहे. मी लहानपणी फक्त त्या पाटात पाय बुडवून बसलेली आहे. पुढे शहराला पाणी हवं म्हणून विहिरींचा उपसा झाला, टँकर भरभरून गेले, बावखलं भरावाखाली गेली आणि पाणी खारटलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभारलं ते याच मातीसाठी आणि पाण्यासाठी. त्या मोर्च्यांतला मामांचा आवाज अजून तसाच आहे. फक्त आता तो ओट्यावर ऐकू येतो.

"मामा, हे सगळं स्पेनमध्ये आहे," मी म्हटलं. "मडक्यांच्या माळेचा रहाटसुद्धा. अरबांनी तो तिथे रुजवला. ग्रानादाला अल्हम्ब्राचा राजवाडा आहे, लोक नक्षी बघायला जातात. पण त्या टेकडीवर पाणी कसं चढलं? दार्रो नदीला काही किलोमीटर वर अडवून, डोंगराच्या कडेकडेने उतार राखत पाट आणला. हौदात, कारंज्यात, बागेत तेच पाणी. २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती गेलं, पण पाटाला कोणी हात लावला नाही. जिंकणाऱ्यालाही पाणी लागतंच. आणि त्यापुढे सिएरा नेवाडाच्या उतारावरची खेडी. तिथे वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने नेऊन मुद्दाम मातीत मुरवतात. उन्हाळ्यात ते खालच्या झऱ्यांना येतं. गावं ओस पडली तसे हे पाट बुजले होते. अलीकडच्या काळात ग्रानादा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी गावकरी आणि स्वयंसेवक जमवून कित्येक पाट पुन्हा मोकळे केले."

"फावड्याने?"

"फावड्याने."

"म्हणजे आपल्या बावखलाचंच काम," मामा म्हणाले आणि थोडे थांबले. त्यांना पुरतं पटलं नव्हतं. "पण बघून मी काय करू? माझी पोरं वाडीत उतरत नाहीत. मजूर मिळत नाही. त्यांची शेतं बघून माझं मन भरून येणार आणि इथे येऊन तेवढंच दुखणार. शहरात निदान डोळ्यांना सुख."

हा खरा अडथळा होता. माझ्या पिढीला गाव बघायची हौस आहे कारण आम्हाला गाव सोडावं लागलं नव्हतं. सोडलं ते आईबापांनी. मामांसाठी शेत म्हणजे जमाखर्च, जमीनमोजणी, भावकी, पहाटे फुलं खुडून दादरच्या बाजाराला जाणारी पहिली गाडी गाठायची धावपळ. त्यांना शेतघराच्या खिडकीतून सूर्यास्त बघून विश्रांती मिळणार नाही. त्या शेताला पाणी वेळेवर मिळालंय का, हेच ते बघत बसतील.

मामांनी मग माझ्याच मुद्द्यावर बोट ठेवलं. "गाव गाव म्हणतेस, पण तिकडची गावं जिवंत आहेत का ते सांग. मी बसमधून बघितलीत. दारं बंद, कौलं बसलेली, चर्चच्या पायरीवर दोन म्हातारे."

ते खरं आहे. सिसिलीत साम्बूका नावाचं गाव आहे, त्याने २०१९ साली ओस घरं एक युरोपासून लिलावात काढली. जगभर बातमी झाली. लोकांना ती गंमत वाटली. मला ती वाचून वाईट वाटलं होतं. स्पेनच्या मधल्या भागात कोसच्या कोस माणूस नाही. पोर्तुगालमध्ये लोक शहरात गेले, शेतं पडीक राहिली, त्यांच्या जागी कागदासाठी निलगिरी लावली गेली. १७ जून २०१७ रोजी पेद्रोगाव ग्रांदेला वणवा पेटला आणि ६६ माणसं गेली. त्यातली बरीचशी रस्त्यावर, पळून जाताना गाड्यांतच. जिथे शेळ्या चरत होत्या, शेत नांगरलेलं होतं, तिथे आग थांबली असती, असं तिथले लोक सांगतात.

"आमच्याकडे माणसं मावत नाहीत आणि त्यांच्याकडे उरली नाहीत," मामा म्हणाले. "दोन्हीकडे शेतकरीच गेला."

मी म्हटलं, सगळीकडे गेला नाही. आलेन्तेजूत कॉर्क ओकची झाडं आहेत, त्यांच्या सालीपासून बाटलीची बुचं होतात. जगातलं जवळजवळ निम्मं कॉर्क पोर्तुगाल देतं. झाड पंचवीस वर्षांचं झाल्याशिवाय त्याची साल काढत नाहीत, आणि एकदा काढली की पुढची नऊ वर्षं हात लावत नाहीत. मेच्या मध्यापासून हे काम सुरू होतं. माणूस कुऱ्हाडीने सालीला चीर देतो, कुऱ्हाडीच्या दांड्याने ती उचकटतो, आतला थर जखमी होऊ न देता अख्खा पन्हळीसारखा तुकडा सोडवतो. उघडं पडलेलं खोड तांबूस-लाल दिसतं. त्याच्यावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या माणसाला कळावं, कधी यायचं ते. परवानगीशिवाय ते झाड तोडता येत नाही. मालकाचं असलं तरी.

मामांनी यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "कुऱ्हाडीचं काम बघायला मला आवडेल. पण तिथे मुक्काम नको. जाऊन येऊ."

लिस्बनबद्दल मात्र आमच्यात वाद नव्हता. कारणं वेगळी होती एवढंच. मामांच्या मते वसईच्या माणसाने लिस्बन पाहिलंच पाहिजे. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत दोनशेहून अधिक वर्षं इथला सगळा कारभार त्या शहराकडे बघून चालायचा. इथला काळा दगड गलबतांतून गोव्याला गेला, तिथल्या बॉम जिझस चर्चच्या दर्शनी भागात तो आजही आहे. किल्ल्यातल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्या नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या आहेत. आम्ही वसईचे ख्रिस्ती या दोन्ही गोष्टींचे वारस. मला हे उघड म्हणायला आवडतं: चिमाजी अप्पांचा विजय आमचाही आहे, आणि गासच्या चर्चमधली प्रार्थनाही आमचीच आहे. जुलूम झाला तो झाला म्हणावा, आणि जे आपलं झालं ते आपलं म्हणावं. लिस्बनला जाताना मनात एवढं स्वच्छ असलं की पुरे.

मला लिस्बन हवं आहे ते एका चर्चसाठी. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी देवळं माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. मग आग, मग समुद्र आत आला. कार्मू मठाच्या चर्चचं छप्पर कोसळलं ते पुन्हा बांधलंच नाही. दगडी कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. आत आता पुराणवस्तूंचं संग्रहालय आहे. वसईच्या किल्ल्यात सेंट अँथनीच्या, जेझुइटांच्या, डॉमिनिकनांच्या चर्चमध्ये जो उभा राहिला आहे त्याला ते दृश्य परकं वाटणार नाही. आमच्या किल्ल्यात भूकंप नव्हता. सोडून दिलेल्या भिंतीत वडाचं मूळ शिरलं आणि त्याने दगड सरकवले. कार्मूत कोणता दगड कुठला, कोणाची कबर, ते लिहिलेलं आहे. वसईत थडग्यांच्या शिळांवरून माणसं चालत जातात. हे मला मुलांना तिथे नेऊन दाखवायचं आहे, म्हणजे परत आल्यावर ती किल्ल्यात पाय जपून टाकतील.

रोमबद्दल मामांचं आणखी एक कारण होतं आणि त्यापुढे मी हार मानली. गोन्सालो गार्सिया वसईचा मुलगा. जन्म १५५७ च्या सुमाराचा, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला, पोरवयात जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर क्रूसावर मारला गेला. ८ जून १८६२ रोजी नववे पायस या पोपांनी रोममध्ये त्या सव्वीस जणांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. "मागच्या वेळी आम्ही रोमला होतो तेव्हा ती तारीख नव्हती," मामा म्हणाले. "या वेळी ८ जूनला मला सेंट पीटर्समध्ये उभं राहायचंय. गासच्या माणसाने त्या दिवशी तिथे असावं, एवढंच." मामी म्हणाल्या, गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे भर, नाहीतर दारातून परत पाठवतात.

रोम ठरलं. शेवटी जायचं, म्हणजे तारीखही साधते आणि मुलं शाळेला वेळेवर पोचतात.

आलेन्तेजूच्या बोलण्यात अल्केव्हाचं नाव निघालं. युरोपातल्या सर्वांत मोठ्या कृत्रिम तलावांपैकी एक. २००२ साली धरणाची दारं बंद केली, लुझ नावाचं गाव पाण्याखाली गेलं आणि तेच गाव थोडं दूर, नव्याने वसवलं. शेजारी शेजारी राहिला, चर्च हललं, स्मशानभूमीही हलवली. मी सांगत होते ते तिथल्या पाण्यामुळे माळरानावर वाढलेल्या ऑलिव्हच्या नव्या बागांबद्दल. मामा मधेच म्हणाले, "आणि आपली सूर्या? धामणीचं धरण कोणाच्या शेतासाठी बांधलं होतं? विक्रमगड, डहाणूच्या आदिवासींच्या. तिथल्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन चालतात आणि पाणी तुझ्या विरारच्या टाकीत येतं. तुला युरोपचं गाव दिसतं, ते दिसतं का?"

दिसतं, पण मी रोज त्याचा विचार करत नाही. नळ उघडताना कोणीच करत नाही. मामांच्या बोलण्यात मला दोष ठेवायला जागा सापडली नाही, आणि म्हणूनच व्हॅलेन्सियाची गोष्ट मी त्यांना शेवटी सांगितली.

व्हॅलेन्सिया शहराभोवती भाजीपाल्याच्या वाड्या आहेत, तुरिया नदीवरून काढलेल्या पाटांवर भिजणाऱ्या. आठ पाट, आठ पाटांचे शेतकरी, आणि प्रत्येक पाटाने निवडलेला एकेक प्रतिनिधी. तोही स्वतः शेत कसणाराच असावा लागतो. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर हे आठ जण काळे झगे घालून खुर्च्यांवर गोल बसतात. एक जण हातात काठी घेऊन एकेका पाटाचं नाव पुकारतो: या पाटाचं कोणावर गाऱ्हाणं आहे? कोणी पाळी मोडून पाणी घेतलं असेल, दुसऱ्याचं शेत बुडवलं असेल, पाट साफ केला नसेल, तर तिथेच, सगळ्यांदेखत, तोंडी सुनावणी. वकील नाही. ज्या पाटाचा मामला, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. निकाल लगेच आणि त्यावर अपील नाही. ही रीत अरबांच्या काळापासूनची मानतात. युनेस्कोने २००९ साली तिला मानवतेचा वारसा म्हटलं. गाऱ्हाणं नसलं तर सगळं चार मिनिटांत आटपतं आणि पर्यटक म्हणतात, एवढंच?

मामा ओट्यावरून उठले होते, ते पुन्हा बसले. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते शेतकऱ्याचे प्रश्न होते. पाणी कमी झालं तर पाळी कशी लावतात? शेपटाकडच्या शेताला आधी मिळतं की तोंडाकडच्या? शहराने वाड्या गिळल्या नाहीत का? मी म्हटलं, बऱ्याच गिळल्या. आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला त्याच भागात पूर आला, दोनशेहून जास्त माणसं गेली. पाण्याच्या वाटेवर वस्ती उठली होती.

"मिठागरात बांधलं की असंच होतं," मामा म्हणाले. जुलै २०१८ ची वसई आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर होती. रूळ पाण्याखाली, लोकल बंद, आणि मिठागरातली माणसं घरांत अडकलेली. त्यावर जास्त बोलणं झालं नाही.

मग कागद पुढे ओढला. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम असेल त्याच्याकडे करायचा असतो. रात्री सारख्या झाल्या तर जिथे पहिलं पाऊल पडतं त्या देशाकडे. मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५, आणि सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. मी रात्री मोजल्या. लिस्बन आणि एव्होरा मिळून पोर्तुगालच्या जेवढ्या, ग्रानादा आणि व्हॅलेन्सिया मिळून स्पेनच्या तेवढ्याच. बरोबरी. मामींना फातिमा सोडायचं नव्हतं, ते लिस्बनहून एका दिवसात होतं. आलेन्तेजूच्या शेतघरातला मुक्काम मामांनी आधीच खोडला होता. एव्होराला राहून कॉर्कच्या रानात जाऊन यायचं, यावर मी तडजोड केली होती.

"व्हॅलेन्सियाला आपण कधी पोचतो?" मामांनी विचारलं.

"गुरुवारी सकाळी. बाराला दारासमोर. संध्याकाळी मुलांना समुद्र."

"चार मिनिटांत संपलं तर? काय बघितलं मग आपण? लिस्बनची एक रात्र काढ आणि तिथे दे. बुधवारी दुपारी पोचू. पाट कुठून निघतो, पाणी कुठे फुटतं, दार कसं घालतात, ते उजेडात बघायला पाहिजे. ज्याचं गाऱ्हाणं असेल तो माणूस भेटला तर त्याच्याशी बोलायचं. तुला स्पॅनिश येत नाही ना? शिकून घे थोडं, अजून वेळ आहे."

मी लिस्बनची रात्र खोडली. अर्ज आता स्पेनकडे जाईल. रोमच्या रात्रींना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.